दोनचा गजर

उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
केसाएवढी चूक बोटाला कळते माझ्या,
व्हर्निअर लावायच्या आधी.
आणि डॉक्टरीणबाई विचारतात,
यांचं दुखणं किती, शून्य ते दहा?
शून्य कुठं धरायचं, बाई?
कुठल्या जॉबवर ठेवून सेट केलंय हे माप?

शालन म्हणते, चार.
मी वहीत लिहितो : सकाळी सहा, चार.
दहाला, चार.
दुपारी दोन, चार.
वही जुनीच, बुशच्या ऑर्डरी लिहायचो ती,
मागची पानं कोरी होती.
चार म्हणताना ती चादरीचा काठ
मुठीत धरून पिळते,
माझी तेलकट डांगरी पिळायची तशी.

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून केमो सोमवारची मागून घेतली.
केस गेले, मग भुवया.
शेजारच्या घरातनं तांबड्या रश्श्याचा वास आला
की भांडं घेऊन मी आधीच उभा.
जिभेवर म्हणे लोखंडाची चव.
म्हटलं, पत्र्याची का बिडाची?
म्हणाली, तुमच्या हाताची.
आणि हसली.
त्या दिवशी आकडा लिहायचाच राहिला.

एका रात्री म्हणाली, गंगावेशीत जाऊया,
कट्ट्यावर म्हशीचं दूध, फेसासकट.
कच्चं चालत नाही, पेशी कमी आहेत, मी म्हणालो,
आणि औषध आणायला म्हणून निघालो
तो गंगावेशीत जाऊन थांबलो.
एक ग्लास प्यायलो. दुसराही.
मिशी पुसून घरी आलो.
तिनं कूस बदलली.
वास आला म्हणून, का दुखलं म्हणून,
अजून कळलेलं नाही.

मग आक्कानं फोडणीला मोहरीचा डबा काढला
आणि मोहरीत गोळ्या.
मॉर्फिनच्या. एकोणीस.
"सवय लागंल," शालन भिंतीकडं बघत म्हणाली,
"आणि पुढं लई दुखलं तर काय घेऊ?
सगळं आत्ताच संपवून बसू?"
तिच्या आईनं नऊ बाळंतपणं
तोंडात पदर धरून काढली होती.
हे चार तिथनं आलेले.

मी चिडलो नाही.
खरं तर चिडलो.
ताटात मोहरी ओतून बसलो,
गोळी वेगळी, मोहरी वेगळी, दाणा दाणा.
मग बाहेर येऊन मला येतं तेवढंच बोललो :
बेअरिंग ओरडल्यावर ग्रीस घालतो तो कारागीर नव्हे.
ओरडलं म्हणजे झिजलं.
आवाज नसताना घालायचं, वेळच्या वेळी.
आणि मशीन ग्रीसच्या नादाला लागलं
असं अख्ख्या उद्यमनगरात कुणी म्हणालेलं
मी तरी ऐकलं नाही.

बराच वेळ गप्प.
"मी मशीन व्हय?"
"न्हवं."
"मग ग्रीस तरी द्या."
आणि खरं सांगितलं. आठ.
कधी कधी नऊ.
दिवाळीपासनं.

आता दर चार तासांनी.
डॉक्टरीणबाईंनी माप दोनदा बदललं.
जोडीला पोट साफ व्हायचं औषध,
आणि त्यावर आमचं एवढं मोकळं बोलणं होतं
जेवढं लग्नापासनं कशावर झालं नव्हतं.
आकडा तीनवर आलाय. खरा तीन.
खऱ्या तीनमध्ये ती भांडते.
भात चिक्कट झालाय म्हणते,
पेठेतली फुटबॉलची मॅच कुणी मारली विचारते.
बरं होणार का, ते मात्र
आम्ही दोघंही कुणाला विचारत नाही.

रात्री दोनचा गजर वाजायच्या आधीच
माझा हात उशीखाली जातो.
दिवा लावत नाही.
बोटांनीच तिचे ओठ शोधतो, सालपटं निघालेले.
गोळी. मग चमच्यानं पाणी.
काल गिळून झाल्यावर म्हणाली,
"वहीत तुमचा रकाना कुठाय?"
मी काही बोललो नाही.
"किती?"
"दोन," म्हटलं.
अंधारात तिनं माझी मूठ चाचपली.
मुठीत चादरीचा काठ होता.